म्हातारीचं बोलणं आणि मशीनचा कान

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक गंमत झाली. आजचा विषय तिथूनच निघाला.

बैठकीचा ठराव लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा. आमच्यातल्या एका सुनेनं फोन मधोमध ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही नुसतं बोला, हा लिहितो." आम्ही बोललो. सरकी पेंड घ्यायला कर्ज पाहिजे, एवढंच बोलणं होतं. फोननं लिहिलं, "सरकारी पेंड घ्यायला कर्ज पाहिजे." पुढच्या आठवड्यात सगळ्या कापूस येचायला जाणार, म्हणून बैठक रविवारी घ्यायची ठरली. फोननं लिहिलं, "कापूस विचारायला जाणार." कापसाला काय विचारणार बाई, भाव? हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

गटातली सगळ्यात म्हातारी आजी मात्र हसली नाही. सुनेनं तेच वाक्य शाळेतल्या मराठीत, सावकाश, 'वेचायला' म्हणून परत सांगितलं, तेव्हा फोननं ते बिनचूक लिहिलं. आजी म्हणाली, "म्हंजे शिकल्यालीचं कळतंय त्याला. मपलं न्हाई कळत."

आम्ही गप्प झालो. आजी बोलली त्यात खोट काढायला जागाच नव्हती. आज ही गंमत ठरावापुरती आहे. पण शेतीचा सल्ला, योजनेचा अर्ज, तक्रारीची नोंद अशी एकेक कामं आता फोनशी बोलून करायची वेळ आली आहे. राज्याच्या कृषी विभागानंच २०२५ साली 'महाविस्तार' नावाचं अॅप आणलं, त्यात शेतीबद्दल मराठीत प्रश्न विचारता येतो. अशा वेळी मशीनला कुणाचं बोलणं कळतं आणि कुणाचं नाही, हे हसण्यावारी नेता येत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, हे असं का होतं ते समजून घ्यायचं. समजून घ्यायला लागलो तर गोष्ट फोनपासून मागे मागे जात थेट आपल्या पैठणपर्यंत पोचली. सातशे-साडेसातशे वर्षं मागे.

आधी फोनचं सांगतो. ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, एआय म्हणतात, त्याला अक्कल अशी नसते. त्याला सवय असते. लहान लेकरू बोलायला कसं शिकतं? घरातली माणसं हजार वेळा बोलतात, ते ऐकून ऐकून. मशीनचंही तसंच. आधी माणसांचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा, मग तो आवाज नेमकं काय म्हणतो ते कुणीतरी बसून लिहून काढायचं. आवाज आणि लिखाण अशी जोडी. अशा लाखो जोड्या मशीनला दाखवल्या की ते अंदाज बांधायला शिकतं, की अमुक आवाज आला म्हणजे अमुक शब्द असावा. 'सरकी' हा शब्द त्यानं कधी ऐकलाच नसेल आणि 'सरकारी' दहा हजार वेळा ऐकला असेल, तर ते 'सरकारी'च लिहिणार. मशीन खोटं बोलत नाही, ज्या घरात वाढलं त्या घरचं बोलतं.

आणि ते वाढलं कुठं? अमेरिकेतल्या ओपनएआय कंपनीनं सप्टेंबर २०२२ मध्ये बोलणं लिहून काढणारं 'व्हिस्पर' नावाचं मशीन जगापुढे ठेवलं. त्याला शिकवायला त्यांनी ६,८०,००० तासांचा आवाज वापरला. त्यातले चार लाखांहून जास्त तास इंग्रजीचे. मराठी बोलणं आणि तेच मराठीत लिहिलेलं, अशा जोड्या त्यात किती होत्या? एक तासही भरत नव्हता. २०११ च्या जनगणनेत मराठी मायबोली सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक, आणि मशीनच्या शाळेत मराठीचा वाटा आपल्या एका कार्यक्रमाएवढासुद्धा नाही.

त्या तासाभरात पैठणची, सिल्लोडची, कन्नडची बाई बोललेली असेल, अशी आशा कुणी धरावी?

आता पैठणला जाऊ. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी आपल्या या भागात फिरत होते. पैठणला त्यांचा मुक्काम होता, आणि त्यांच्या मंडळींत पैठणच्याच बाइसा होत्या, महदाइसा होत्या. बाया प्रश्न विचारत, वाद घालत, आणि स्वामी त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलत. महदाइसा तर अशी की एकदा प्रश्न धरला की सोडायची नाही. तिनं रचलेल्या 'धवळ्यां'मुळे मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

स्वामी गेल्यावर त्यांच्या शिष्यांपुढे एक प्रश्न आला. हे सगळं लिहून ठेवायचं तर कोणत्या भाषेत? पंथात मोठे पंडित होते, त्यांना संस्कृत हाताशी. केशिराजबास नावाचे पंडित संस्कृतात लिहू पाहत होते. तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा होता की, असं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील. पंथाचा सगळा कारभार मराठीत राहिला, त्यामागे हे एक कारण होतं. एवढ्या मोठ्या निर्णयात कुणाचा विचार झाला? म्हाताऱ्यांचा. आमची आजी परवा बैठकीत जे बोलली, तेच नागदेवाचार्यांना सातशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

मग म्हाइंभटांनी काम हाती घेतलं. शके १२०० च्या सुमाराला, म्हणजे १२७८ च्या आसपास, त्यांनी 'लीळाचरित्र' तयार केलं. कसं केलं ते ऐका. घरात बसून नाही लिहिलं. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्या माणसांकडे ते गेले. विचारलं, ऐकलं, लिहून घेतलं. एकाच प्रसंगाबद्दल दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर त्यांनी एकाचं खोडलं नाही, दोन्ही ठेवलं. आजच्या कॉम्प्युटरवाल्यांना 'डेटा गोळा करणं' हे फार नवं काम वाटतं. आमच्या गोदाकाठी ते म्हाइंभटांनी पायी फिरून केलं आहे.

आणि याच गोष्टीत एक बाई आहे, तिची आठवण फारशी कुणी काढत नाही. परंपरा असं सांगते की पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्या आठवणीतून ती परत उभी केली. त्यात एक होती हिराइसा. तिच्या स्मरणातून उतरलेला पाठ आजही 'हिराइसा पाठ' या नावानं ओळखला जातो. जे हरवलं ते एका बाईच्या डोक्यात शिल्लक होतं, आणि त्यावर तिचं नाव राहिलं. हे नाव राहण्याचं लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

पंथानं नंतर आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहायला घेतल्या, आणि कितीतरी शतकं बाहेरच्या माणसाला त्या वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकात ती लिपी उलगडली, तेव्हा महाराष्ट्राला कळलं की आपल्या भाषेत एवढा ठेवा होता. आपलं धन कुलूप लावून ठेवावं की सगळ्यांसाठी उघडावं, हा प्रश्नही जुनाच आहे. त्याचं उत्तर आम्हालाही एका बाजूनं देता येत नाही. का, ते पुढे सांगतो.

पैठणचे एकनाथ महाराज आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. पण त्यांनी १५८४ साली केलेलं एक काम या विषयाचंच आहे. ज्ञानेश्वरीच्या हातानं लिहिलेल्या प्रती उतरवता उतरवता चुका शिरल्या होत्या, कुणी आपल्या ओळीही घुसडल्या होत्या. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध प्रत तयार केली. आज मशीनला शिकवायच्या आधी जी साफसफाई करावी लागते ती याच जातीची. फरक एवढाच, की नाथांना ज्ञानेश्वरी कळत होती.

आता मोठी उडी मारू. इंग्रजांच्या राज्यात जॉर्ज ग्रियर्सन नावाचे अधिकारी होते. १८९४ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या भाषांची मोठी पाहणी सुरू केली आणि ती १९२८ पर्यंत चालली. जागोजागच्या अधिकाऱ्यांना त्यांनी एक ठरलेली गोष्ट पाठवली, बायबलातल्या उधळ्या मुलाची, आणि सांगितलं की ही तुमच्या भागातल्या बोलीत सांगून घ्या आणि लिहून पाठवा. शब्दांची आणि वाक्यांची एक यादीही सोबत होती. शेवटी १७९ भाषा आणि ५४४ बोली त्यांनी नोंदवल्या. काही बोलींच्या ग्रामोफोनच्या तबकड्याही तयार झाल्या. मराठीचा खंड निघाला १९०५ साली. कोकणी, वऱ्हाडी, नागपुरी, सगळ्या बोलींचे नमुने त्यात आहेत.

आपले? त्या वेळी आपण होतो निजामाच्या राज्यात. आणि हैदराबाद संस्थान, म्हैसूर आणि मद्रास इलाखा हे भाग या पाहणीच्या बाहेर राहिले. देशातल्या बोलींची पहिली मोठी वही भरली गेली तेव्हा तिच्यात औरंगाबादचं पान नव्हतं. कुणी मुद्दाम वैर धरलं असं नाही. राज्य दुसऱ्याचं, हद्द दुसऱ्याची, म्हणून राहून गेलं. पण राहून गेलेल्याचंही पुढे ओझं होतंच.

संस्थानात कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथलं शिक्षणही उर्दूतून. देशी भाषेतून विद्यापीठाचं शिक्षण द्यायचं हे त्या काळात मोठं धाडस होतं, हे मान्य करायलाच पाहिजे. पण ती देशी भाषा मराठवाड्यातल्या खेड्यातल्या माणसाची नव्हती. आमच्या आज्या-पणज्या सांगायच्या, कागद आला की तो वाचून घ्यायला दुसऱ्या गावी जावं लागायचं. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी, आणि मधे वाचून सांगणारा माणूस. तो सांगेल ते खरं.

यात उर्दूचा दोष नाही हेही सांगून ठेवतो. आपल्या शहराची दखनी ही इथल्याच मातीतली बोली. वली हा मोठा शायर सतराव्या शतकात इथलाच, आणि त्याच्या कवितेनं पुढे दिल्लीच्या शायरांना वळण लावलं असं उर्दूचे जाणकार मानतात. आजही आमच्या बोलण्यात पंचनामा, हप्ता, तगादा, गल्ली हे शब्द आहेतच. दोष भाषेचा नसतो. आपल्याला न कळणाऱ्या भाषेत आपला निकाल लागतो, तेव्हा त्रास होतो.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ आलं. शाळा मराठी झाल्या, आणि मग एक नवीनच गोष्ट झाली. शाळेत शिकवली ती पुस्तकातली मराठी. "करायलेय" म्हटलं की मास्तर हसायचे, "करत आहे म्हण." "म्या" म्हटलं की पट्टी. आमच्यातल्या कितीजणींनी लाजून आपली बोली घरात ठेवली आणि बाहेरची वेगळी घातली, जसं बाजारला जाताना चांगलं लुगडं नेसावं. फोनला शाळेची मराठी कळते आणि आजीची कळत नाही, त्याचं मूळ इथंही आहे. लिहून ठेवायची वेळ आली तेव्हा आपण स्वतःच आपलं बोलणं लिहिलं नाही.

पण एका जागी ते गोळा झालं. जात्यावर.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गावोगावी जाऊन, बायांपाशी बसून. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया, आणि ओव्या एक लाखाच्या वर. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, पण ओव्या बायांच्या तोंडी होत्या. मराठवाड्यातही ही मंडळी आली. बीड जिल्ह्यातल्या माजलगावला १९९६ साली त्यांनी दलित वस्तीतल्या बायांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर या ओव्या ऐकायला मिळतात. ओवी कुणी गायली, कोणत्या गावची, हे तिथं लिहिलेलं असतं. हिराइसाचं जसं नाव राहिलं तसं.

सासरचं दुःख, भावाची वाट, लेकीचं नशीब, विठ्ठल, बाबासाहेब, दुष्काळ, सगळं त्या बोलीत आहे. कुणा मशीनला मराठवाड्याची बाई शिकवायची असेल तर याहून चांगली शाळा नाही. पण ओव्या मशीनला द्याव्यात का, कुणाला विचारून द्याव्यात, हा प्रश्न मोठा आहे. गायली ती बाई कधीच देवाघरी गेली असेल, तर तिला कोण विचारणार?

आता आजच्या दिवसात येऊ. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं 'भाषिणी' सुरू केलं. देशातल्या भाषांसाठी भाषांतराची, बोललेलं लिहायची, लिहिलेलं वाचून दाखवायची सोय करायची, असा त्याचा हेतू. त्याच वर्षाच्या शेवटी बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि तिथलीच आर्टपार्क यांनी गुगलच्या मदतीनं 'वाणी' नावाचा प्रकल्प जाहीर केला. हा ऐकण्यासारखा आहे. भाषेप्रमाणे नाही, जिल्ह्याप्रमाणे आवाज गोळा करायचे. देशातल्या प्रत्येक जिल्ह्यातून, एकूण दीड लाख तासांहून जास्त. माणसापुढे एक चित्र ठेवायचं आणि म्हणायचं, यात काय दिसतं ते तुमच्या बोलीत सांगा. वाचून दाखवायचं काही नाही, त्यामुळे अक्षर न येणारी बाईसुद्धा बोलू शकते. आम्हाला ही युक्ती फार आवडली. ग्रियर्सनसाहेबांनी सगळ्यांना एकच गोष्ट सांगायला लावली होती. इथं प्रत्येकानं आपल्या डोळ्यांनी पाहायचं आणि आपल्या तोंडानं बोलायचं.

'वाणी'च्या पहिल्या टप्प्यात देशातले ८० जिल्हे होते. त्यात महाराष्ट्रातले जे थोडे जिल्हे होते, त्यांत आपला जिल्हा आहे, औरंगाबाद या जुन्या नावानं. १९०५ च्या वहीत नसलेलं पान या वहीत सुरुवातीलाच आलं. हे आवाज कुणालाही मोफत उतरवून घेता येतील असे खुले ठेवले आहेत. मात्र जमलेल्या आवाजातला थोडाच भाग लिहून काढलेला आहे, आणि मघाशी सांगितलं तसं, लिहून काढल्याशिवाय मशीनचं शिकणं अर्धंच राहतं.

लिहून काढणारं माणूस कोण, हाही मोठा प्रश्न आहे. ज्याला 'येचणं' माहीत नाही त्यानं आजीचा आवाज ऐकून 'विचारणं' लिहिलं, तर मशीनला तेच पक्कं होणार. हे काम शहरात बसून होणारं नाही. तालुक्याच्या ठिकाणी, बारावी झालेल्या, घरी बसलेल्या कितीतरी सुना-पोरी आहेत. त्यांना दोन्ही मराठी येतात, शाळेची आणि सासूची.

आणि हे काम गरिबाला जमतं का, याची परीक्षा मराठीवरच झालेली आहे. २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खेड्यातले गरीब लोक, शहरातले गरीब लोक आणि कॉलेजचे विद्यार्थी अशा तिघांकडून मराठी आवाज गोळा केला. ३६ माणसं, १०९ तास. निष्कर्ष निघाला की गरिबांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं आहे. ते निघणारच होतं, पण कागदावर आलं हे बरं झालं. त्याच विचारातून पुढे २०२१ मध्ये बंगळुरूला 'कार्य' नावाची संस्था उभी राहिली. ती अशा बोलण्याच्या कामाला तासाला पाच डॉलरच्या आसपास, म्हणजे साधारण चारशे रुपये मोबदला देते, आणि तोच आवाज पुढे परत विकला गेला तर बोलणाऱ्याला पुन्हा हिस्सा देते. चारशे रुपये तासाला. खुरपायला दिवसभराची मजुरी किती मिळते, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

म्हणून आम्ही म्हणतो, कुणी आवाज मागायला आलं तर हरखून जाऊ नका आणि हाकलूनही देऊ नका. आमच्या एका शेजारच्या गटाला अनुभव आला. दोन पोरं आली, फोनवर प्रत्येकीचं बोलणं भरून घेतलं, चहा पिऊन गेली. कोणत्या कामासाठी, कुणासाठी, कुठं ठेवणार, काही सांगितलं नाही, आणि कागदावर अंगठा-सही तेवढी घेतली. बायांनीही विचारलं नाही. "पोरं गोड बोलत होती," म्हणाल्या. दूध घालताना आपण माप बघतो, फॅट बघतो, पावती घेतो. मग आवाज देताना का नाही?

या बाबतीत आम्हाला सगळ्यात शहाणी वाटली ती एक रेडिओवालीच मंडळी, पार न्यूझीलंडची. तिथले मूळचे लोक माओरी. इंग्रजांच्या शाळेत माओरी बोललं की पोरांना मार बसायचा, आणि दोन पिढ्यांत भाषा मरायला टेकली. १९७२ साली तीस हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज पार्लमेंटला गेला, १९८७ साली माओरी सरकारी भाषा झाली, आणि जागोजागी माओरी रेडिओ निघाले. उत्तरेकडच्या कैताया गावाचा 'ते हिकू' हा त्यातला एक. म्हाताऱ्या माणसांचे आवाज त्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवले होते.

२०१८ साली त्यांनी ठरवलं, आपल्या भाषेचं मशीन आपणच करायचं. गावागावातल्या मंडळांना बोलावलं, स्पर्धा लावली, बक्षिसं ठेवली, आणि दहा दिवसांत तीनशे तासांहून जास्त आवाज जमा केला. दहा दिवसांत! त्यावर मशीन शिकवलं आणि ते चांगलं चाललं. मग बाहेरच्या कंपन्या आल्या, आवाज आम्हाला द्या म्हणाल्या. ते नाही म्हणाले. त्यांनी आपला परवानाच वेगळा केला. त्यांचं म्हणणं, आम्ही या आवाजाचे मालक नाही, राखणदार आहोत. ज्या कामानं आमच्या लोकांचं भलं होईल त्यालाच हा आवाज वापरता येईल. आमची जमीन घेतली, भाषा घेतली, आता तीच भाषा आम्हालाच विकायला आणणार असाल तर नको.

एक योगायोग सांगतो. गुगलच्या भाषांतरात मराठी आणि माओरी या दोन्ही भाषा एकाच वर्षी आल्या, २०१३ मध्ये. आपण कोट्यवधी, ते काही लाख. पण राखण कशी करावी हे त्यांना आधी सुचलं.

खुलं ठेवावं की राखावं? 'वाणी'नं खुलं ठेवलं, माओरींनी राखलं. आमच्यातच दोन तट आहेत. काहीजणी म्हणतात, खुलं ठेवलं तरच कुणीतरी आपल्यासाठी काही बनवील, नाहीतर पोथ्यांसारखं शतकानुशतकं कुलपात राहील. दुसऱ्या म्हणतात, खुल्या शेतात आधी कुणाची जनावरं शिरतात ते माहीत आहे. दोघींचंही पटतं. भांडण अजून मिटलेलं नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही स्वतः करून पाहिली. इंग्रजीतून मराठी करणाऱ्या एका मशीनला आम्ही सांगितलं, 'मी काल शेतात गेले' एवढ्याच अर्थाचं इंग्रजी वाक्य मराठीत कर. त्यानं लिहिलं, "मी काल शेतात गेलो." इंग्रजीत बाई गेली की गडी गेला ते क्रियापदावरून कळत नाही, म्हणून मशीन आपल्या सवयीनं गडी धरतं. मराठीत तसं चालत नाही. मराठी बाई तोंड उघडते तेव्हाच ती बाई असल्याचं क्रियापद सांगतं. सवयीत बाया कमी, म्हणून अंदाजातही बाया कमी. शेतात अर्ध्याहून जास्त काम आपलं, आणि वाक्यात गडी.

आणि आपल्याहून मागे राहिलेल्याही आहेतच. तांड्यावरची आमची बंजारा बहीण गोरमाटी बोलते. जनगणनेत ती बोली हिंदीच्या खात्यात मोजली जाते. कन्नड-सोयगावकडे अहिराणी बोलणाऱ्या आहेत. या दोन्ही बोली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत नाहीत, आणि सरकारी सोयी बहुतेक त्या बावीसांपुरत्या होतात. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपल्याला आनंद झाला. पण शाळेतली मराठी जशी आमच्या आजीला ऐकून घेत नाही, तसं आपण तांड्यावरच्या बाईला करत नाही ना, हेही आम्ही एकमेकींना विचारलं. बैठकीत गोरमाटी बोलणाऱ्या दोघी असतात. ठराव मराठीतच वाचला जातो. त्यांना कळलं का, हे आम्ही आजवर विचारलं नव्हतं.

आता आमच्या गटानं काय केलं ते सांगतो. एक शंभर पानी वही आणली. दर बैठकीला प्रत्येकीनं पाच शब्द सांगायचे, फोनला न कळणारे. शेताचे, चुलीचे, दुखण्याचे, रागावण्याचे. सून लिहिते, आजी तपासते. शब्दापुढे सांगणारीचं नाव आणि गाव. गोरमाटी शब्दांना वहीत मागून वेगळी पानं ठेवली आहेत. आणि आवाज भरून घ्यायला कुणी आलं तर विचारायचे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत: कुणासाठी, कशासाठी, किती पैसे, आणि नंतर नको वाटलं तर आवाज परत घेता येईल का.

दुखण्याच्या शब्दांनीच दहा पानं भरली. पोटात कळ येते ती वेगळी, मुरडा वेगळा, कालवतं ते वेगळं, आणि पोटात खड्डा पडतो ते तर दुखणंच नाही. दवाखान्यात मशीनला 'पोट दुखतं' एवढंच कळणार असेल तर बाकीच्याचं काय करायचं, असं आजीनं विचारलं.

तुमच्या गावचे शब्द आम्हाला पाठवा. पत्र लिहा, नाहीतर फोनवर बोलून भरा, आम्ही ऐकून लिहून घेऊ. सोबत नाव आणि गाव सांगायला विसरू नका, आणि नाव सांगायचं नसेल तर तसंही सांगा. पुढच्या कार्यक्रमात दहा शब्द वाचून दाखवू. पहिला शब्द आजीचाच असणार, तिनं तसं बजावून ठेवलं आहे. कोणता, ते अजून तिनं आम्हालाही सांगितलेलं नाही.